आठ वारांचा हिशेब

मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही सपत्नीक एडिंबरो येथे भाच्याकडे तीन आठवडे राहून आलो, हे आमच्या नेहमीच्या वाचकांस ठाऊक आहेच. त्या निमित्ताने या सदराला एका महिन्याची रजा पडली आणि त्याबद्दल दोघा-तिघांनी आमची कानउघाडणीही केली. परंतु प्रवासवर्णन लिहिण्याचा आमचा विचार नाही. तेथील किल्ला, तेथील थंडी आणि रात्री दहापर्यंत रेंगाळणारा उजेड यांविषयी अधिक अधिकारी लोकांनी लिहून ठेवले आहे. आम्हांस सांगावयाचे आहे ते एका वस्त्राविषयी. त्या वस्त्राने आमच्या मुक्कामातील चार दिवस खाल्ले, घरात थोडा कलह माजविला आणि आमच्या सौभाग्यवतींची योग्यता आमच्यापेक्षा किती अधिक आहे हे परक्या मुलखात सिद्ध केले.

ते वस्त्र म्हणजे किल्ट. आपल्या बेळगावच्या कॅम्पातून पाइप बँडचे सूर ज्यांच्या कानांवर लहानपणापासून पडत आले आहेत, त्यांस स्कॉटलंडच्या या पेहरावाची निदान चित्रे तरी परिचयाची असतील. चौकड्याचा, गुडघ्यापर्यंतचा, मागे दाट निऱ्या असलेला पुरुषांचा पोशाख. त्यास घागरा किंवा परकर म्हणण्याचा मोह शहाण्याने आवरावा. तेथील मनुष्य त्या शब्दाने मनापासून दुखावतो, असा अनुभव भाच्याने सांगितला.

प्रकार असा घडला. भाचा तेथील एका रुग्णालयात डॉक्टर आहे. त्याच्याबरोबर नऊ वर्षे काम केलेल्या एका स्कॉटिश मित्राचे जून महिन्यात लग्न होते आणि नवरदेवाचा पाठराखा म्हणून उभे राहण्याचा मान त्याने आमच्या भाच्यास दिला होता. नवरदेवाकडील सगळे पुरुष किल्ट घालणार होते. तेथे एका दिवसापुरता किल्ट भाड्याने मिळतो. परंतु नऊ वर्षांच्या मैत्रीला भाड्याचे वस्त्र शोभत नाही, असे भाच्याच्या मनाने घेतले. त्याने जाहिरात पाहून साडेतीनशे पौंडांचा किल्ट मागविला. जाहिरातीत तीन गोष्टी ठळक होत्या: शुद्ध लोकर, आठ वार कापड, हाताची शिलाई. आम्ही पोहोचलो त्याच्या दोन आठवडे आधी पुडके आले होते. त्याने ते एकदा अंगाला लावून पाहिले होते आणि पुन्हा खोक्यात ठेवून दिले होते. काहीतरी चुकते आहे एवढे त्यास कळत होते, काय चुकते आहे ते कळत नव्हते.

“मामा, मुळात आपण हे घालावे की नाही?” असा प्रश्न त्याने पहिल्याच रात्री आम्हांस केला. मास्तरकीची तीस वर्षे झाल्यामुळे साध्या प्रश्नास इतिहासाने उत्तर देण्याची खोड आम्हांस जडली आहे. आम्ही सांगितले की, ज्यास आज पुरातन म्हणतात तो शिवलेला किल्ट फार पुरातन नाही. त्याआधी हायलंडमधील लोक एक लांबरुंद लोकरी कापड कमरेभोवती निऱ्या घालून पट्ट्याने आवळीत आणि उरलेला भाग खांद्यावर घेत. म्हणजे आपल्या लुगड्याप्रमाणे रोज नव्याने नेसावयाचे, न शिवलेले वस्त्र. पुढे त्याचा वरचा भाग गळाला, कमरेखालचा राहिला आणि अठराव्या शतकाच्या अखेरीस निऱ्या कायमच्या शिवून टाकण्याची रीत पडली. मधल्या काळात, १७४६ मध्ये कलोडनच्या पराभवानंतर, इंग्रज सरकारने कायद्याने हा वेष बंद केला होता. १७८२ मध्ये ती बंदी उठली. गंमत अशी की, सरकारच्या स्वतःच्या हायलंडर पलटणींस ही बंदी नव्हती. (त्याच परंपरेतील ७४ आणि ७८ क्रमांकाच्या दोन पलटणी १८०३ मध्ये असईच्या रणांगणावर आपल्या लोकांसमोर उभ्या होत्या, हेही आम्ही जाता जाता भाच्याच्या कानांवर घातले.) १८२२ मध्ये राजा चौथा जॉर्ज एडिंबरोस आला, तेव्हा त्याच्या स्वागताची सर्व मांडणी कादंबरीकार वॉल्टर स्कॉट याने केली व खुद्द राजाने किल्ट परिधान केला, तेव्हापासून या वेषास दरबारी प्रतिष्ठा आली. अमुक कुळाचा अमुक चौकडा ही वाटणीही बरीचशी त्यानंतरची. हल्ली तर टार्टनांची सरकारी नोंदवही आहे, ती २००९ पासून सुरू झाली आणि कोणीही नवा चौकडा रचून तीत नोंदवू शकतो. तेव्हा घालण्यास कायद्याची आडकाठी नाही.

“कायद्याचे कोण विचारतो आहे?” भाचा म्हणाला. त्याचा मुद्दा बरोबर होता आणि आमच्याकडे त्यास उत्तर नव्हते. परमुलखात दुसऱ्याच्या लग्नात, दुसऱ्याच्या बापजाद्यांचे वस्त्र अंगावर घालून उभे राहावयाचे आणि ते धड बसलेले नसावयाचे, ही धास्ती आपल्यासारख्या सीमेवरच्या माणसांस समजावून सांगावी लागत नाही.

दुसऱ्या दिवशी सौभाग्यवतींनी खोके उघडले. त्यांचे माहेर शहापूरचे, विणकरांच्या गल्लीतले. कापड हातात आले की प्रथम त्याचा काठ पाहावयाचा ही त्यांची सवय. त्यांनी किल्टची खालची कड पाहिली आणि म्हणाल्या, “अहो, ह्याला काठ नाही. दुमडून तुरपलेलं आहे.” आम्ही म्हणालो, असेल तिकडची पद्धत. त्या गप्प बसल्या; पण ते गप्प बसणे मान्यतेचे नव्हते.

मग त्यांनी आतल्या बाजूने लोंबणारा एक धागा काढून स्वयंपाकघरात नेला आणि काडी लावली. केस जळल्याचा वास आला आणि काळी राख बोटांत चुरगळली. कापड लोकरीचे होते. कृत्रिम धागा असता तर वितळून त्याचा कडक मणी झाला असता. रेशमाची परीक्षा आपल्याकडे बायका अशीच करतात. तीन दाव्यांपैकी एक खरा ठरला.

खरी परीक्षा झाली ती सायंकाळी. भाच्याच्या इमारतीत तळमजल्यावर ऐंशीच्या घरातील एक आजीबाई एकट्या राहतात. पंधराव्या वर्षी त्या एका कारखान्यात किल्ट शिवण्यास बसल्या आणि पन्नास वर्षे त्यांनी दुसरे काही शिवले नाही. संधिवाताने बोटे वाकल्यामुळे आता सुई धरवत नाही. भाचा त्यांच्या औषधांची विचारपूस करीत असे, म्हणून ओळख होती. परंतु एवढी जाणती बाई खाली राहत असता याने जाहिरात पाहून किल्ट मागवावा, याबद्दल प्रथम त्यांनी त्यास दोन शब्द सुनावले. आम्हांस बरे वाटले.

त्यांनी भाच्यास किल्ट घालून उभे केले. त्याने तो पँटीप्रमाणे बेंबीच्या खाली बांधला होता. आजीबाईंनी त्यास गुडघ्यांवर बसावयास सांगितले. लांबीची कसोटी हीच: गुडघे टेकले असता खालची कड जमिनीस जेमतेम शिवावी किंवा थोडी वर राहावी, म्हणजे उभे राहिल्यावर ती गुडघ्याच्या वाटीवर येते. भाच्याचा किल्ट जमिनीवर तीन बोटे लोळत होता. “लांब आहे,” आम्ही निकाल दिला. आजीबाईंनी आमच्याकडे पाहिलेही नाही. त्यांनी किल्ट बेंबीच्या वर ओढला, तेव्हा लांबी अचूक झाली. मात्र पट्टे बकलांपर्यंत पोहोचेनात. एका चुकीची ही दोन तोंडे होती. किल्ट कमरेवर नव्हे, तर त्याहून वर, पोटाच्या खऱ्या वळणावर बसावयाचा असतो. भाच्याने माप म्हणून पँटीवरचा बत्तिसाचा आकडा लिहून पाठविला होता. तयार पँटीवरचे आकडे गिऱ्हाइकाचे मन राखण्यासाठी लिहिलेले असतात; आजीबाईंनी फीत लावली तेव्हा पस्तीस इंच भरले. हा दोष दुकानदाराचा नव्हता, भाच्याचा होता, आणि त्याने तो मुकाट्याने कबूल केला.

घट्ट किल्ट ओळखण्याची आणखी एक खूण त्यांनी दाखविली. पुढे निऱ्या नसलेल्या दोन सपाट झडपा एकमेकींवर येतात. वरची डावीकडून येऊन उजव्या अंगास बांधली जाते. ही झडप पाटीसारखी सपाट राहिली पाहिजे, चौकड्याची मधली रेघ शरीराच्या मध्यावर पडली पाहिजे आणि मागच्या निऱ्या मनुष्य स्थिर उभा असता मिटलेल्या, सरळ, एकमेकींस समांतर लोंबल्या पाहिजेत. नितंबावर कापड कमी पडले की निऱ्या खाली पंख्यासारख्या फाकतात. भाच्याच्या फाकल्या होत्या. त्यातून निऱ्यांच्या खालच्या टोकांस पांढरा धावदोरा तसाच होता. नव्या किल्टच्या निऱ्या प्रवासात मोडू नयेत म्हणून तो घातलेला असतो व नेसण्यापूर्वी उसवावयाचा असतो. भाच्यास वाटले होते की ती शिलाईच आहे आणि वाईट शिलाई आहे. याच एका कारणासाठी तो दुकानदारास शिव्या देत होता, आणि नेमक्या याच गोष्टीत दुकानदार निर्दोष होता.

त्यानंतर आजीबाईंनी किल्ट उतरवून घेतला आणि उलटा केला. चांगल्या-वाईटाचा निकाल आतून लागतो, असे त्यांचे म्हणणे. कमरेपासून नितंबाच्या रुंद भागापर्यंत, म्हणजे एकूण लांबीच्या सुमारे एक तृतीयांश, निऱ्या शिवून बसविलेल्या असतात. त्याखाली त्या मोकळ्या. या शिवलेल्या भागात प्रत्येक निरी खाली रुंद व वर कमरेकडे अरुंद होत जाते आणि तरीही चौकड्याच्या आडव्या रेघा एका निरीवरून दुसरीवर न तुटता जाव्या लागतात. येथेच कारागिराचा कस लागतो. हाताचे टाके इतके बारीक असतात की बाहेरून दिसत नाहीत, बोट फिरविले तरच कळतात. आजीबाईंनी वाकडे बोट फिरविले आणि त्या हसल्या. टीप यंत्राची होती. तिसऱ्या निरीपाशी हिरवी आडवी रेघ पाऊण सूत खाली उतरली होती, सातव्या निरीपाशी पुन्हा वर चढली होती. आत निऱ्यांना ताण पेलण्यासाठी जे जाड कापड लावतात, त्याच्या जागी चिकटवलेला कागदासारखा पातळ पदर निघाला.

कापडाविषयी मात्र त्यांची तक्रार नव्हती. टार्टनची वीण तिरकस असते आणि उभ्या धाग्यांत रंगांचा जो क्रम तोच आडव्यांत असतो. त्यामुळे दोन रंग जेथे ओलांडतात तेथे तिसरी छटा उमटते. सौभाग्यवतींनी हे भिंगाशिवाय ओळखले आणि इरकली चौकड्याशी त्याची तुलना सुरू केली, ती भाच्याने जमेल तशी भाषांतरित केली. काठाचा प्रश्न त्यांनी तेव्हाच पुढे केला. आजीबाईंनी त्यांचा हात हातात घेतला. किल्टसाठी विणलेल्या कापडाची कड मागावरच पक्की केलेली असते आणि तीच खाली येते. चांगल्या किल्टला खाली तुरपाई नसते. तुरपाईने कड जाड होते आणि निऱ्यांची चाल मरते. आमचा “तिकडची पद्धत असेल” हा अभिप्राय कोणी काढला नाही, हे त्या दोघींचे सौजन्य.

राहिला प्रश्न आठ वारांचा. शिवलेला किल्ट न उसवता कापड कसे मोजावे? आमच्या मनात त्रैराशिक तयार होऊ लागले होते. सौभाग्यवतींनी फीत घेतली, किल्ट मेजावर पालथा घातला आणि खालच्या कडेने, प्रत्येक निरीच्या घडीत आत जाऊन बाहेर येत, एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत माप घेतले. नऊवारी विकत घेताना ज्या बाईने दुकानदाराच्या गजावर कधी विश्वास ठेवला नाही, तिला ही युक्ती कोणी शिकवावी लागत नाही. निऱ्या भरल्या वीस आणि माप भरले १८९ इंच. म्हणजे सव्वापाच वार. आठ वारांचे २८८ इंच होतात; पावणेतीन वार कापड दुकानदाराच्या जाहिरातीतच राहिले होते.

आजीबाईंचा न्याय येथे आम्हांस फार पटला. पाच वारांचा किल्ट वाईट नव्हे, असे त्या म्हणाल्या. तो हलका असतो, उन्हाळ्यात बरा, स्वस्तही पडतो. पुष्कळ लोक समजून-उमजून तोच घेतात. आठ वारांत निऱ्या खोल पडतात, वजन मागे राहते आणि चालताना तो घड्याळाच्या लंबकासारखा झुलतो, म्हणून त्याची किंमत. हाताने एक आठवारी किल्ट शिवावयास त्यांस तीन-चार दिवस लागत. त्या श्रमाचा आणि कापडाचा आजचा हिशेब साडेतीनशे पौंडांत बसतच नाही, हे आधी समजावयास हवे होते. यंत्राच्या शिलाईचेही त्यांस वावडे नव्हते. पाचास आठ म्हणणे आणि यंत्रास हात म्हणणे, एवढ्याचाच त्यांस राग होता, आणि तो पन्नास वर्षे खरे आठ वार शिवलेल्या बाईचा राग होता.

मापाने शिवून घेतलेली वस्तू नुसती आवडली नाही म्हणून परत करता येत नाही, हे भाच्यास माहीत होते. म्हणूनच तो हातपाय गाळून बसला होता. परंतु वस्तू वर्णनाप्रमाणे नसेल, तर तेथील २०१५ च्या ग्राहक हक्क कायद्याने ती तीस दिवसांच्या आत नाकारून पूर्ण पैसे मागता येतात. सोळा दिवस झाले होते. आम्ही त्याच रात्री त्यास पत्र लिहावयास बसविले. कमरेच्या मापाचा उल्लेख करू नये, असे त्याचे मत होते. आम्ही तो करावयास लावला: माप आमचे चुकले, त्याबद्दल मागणे नाही, कापडाची लांबी व शिलाई आपल्या वर्णनाप्रमाणे नाही, त्याबद्दल आहे. सोबत फितीसह छायाचित्रे. दुकानदाराने प्रथम अर्धी रक्कम देऊ केली, दुसऱ्या पत्रानंतर पूर्ण दिली.

पैसे आले, पण लग्न चार आठवड्यांवर होते आणि नवा किल्ट तेवढ्यात होणारा नव्हता. भाच्याने भाड्याच्या दुकानाचा पत्ता काढला. त्याच दिवशी आजीबाई काठी टेकीत जिना चढून वर आल्या. त्यांच्या हातात बायकांच्या लांब मोज्यात घालून ठेवलेली एक गुंडाळी होती. किल्ट असा उभा गुंडाळून मोज्यात सरकवितात म्हणजे निऱ्या मोडत नाहीत. तो त्यांच्या दिवंगत यजमानांचा होता, त्यांनी स्वतः शिवलेला. यजमान एका हौशी पाइप बँडमध्ये ढोल वाजवीत. चौकडा ब्लॅक वॉच पलटणीचा, काळसर हिरवा-निळा. हा कोणत्याही कुळाचा मनुष्य वापरतो, तेव्हा तोही प्रश्न नव्हता. हातात घेताच वजन जाणवले. सौभाग्यवतींनी प्रथम काठ पाहिला आणि मान डोलावली.

उंची जुळत होती. घेर मात्र दोन इंच कमी पडत होता. किल्टमध्ये वरच्या भागातील निऱ्यांचे आतले कापड शिलाईनंतर कापून टाकलेले असते, त्यामुळे तो उसवून वाढविता येत नाही. परंतु बकले सरकवून इंच-दोन इंच मिळविता येतात. उजव्या अंगास दोन बकले, डाव्या अंगास एक, आणि आतला पट्टा बाहेर यावयास एक काज. आजीबाईंनी खडूने खुणा केल्या. सुई सौभाग्यवतींच्या हाती होती. एकीस मराठी येत नव्हते, दुसरीस इंग्रजी येत नव्हते. भाचा रुग्णालयात गेलेला होता आणि आमच्या दुभाष्याची गरज कोणास वाटली नाही. टाका फार पुढे गेला की आजीबाई जीभ टाळूला लावून “च्” करीत, आणि तो टाका निमूटपणे काढला जाई. आमच्या बत्तीस वर्षांच्या संसारात आम्ही केलेल्या अशा सूचनेचा परिणाम काय झाला असता, ते वाचकांनी ताडावे.

तासाभराने भाचा आला, तेव्हा त्यास तो घालावयास दिला. आजीबाईंनी त्यास पुन्हा गुडघ्यांवर बसविले, खालची कड जमिनीवरून एका बोटाने तपासली, उठावयास सांगितले आणि खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालावयास लावले. मागच्या निऱ्या पावलागणिक उघडत होत्या आणि मिटत होत्या. त्या काही बोलल्या नाहीत. खिडकीशी जाऊन उभ्या राहिल्या आणि भाच्यास म्हणाल्या, पुन्हा चाल.

आम्ही परत आलो आणि जूनच्या शेवटी लग्नाची छायाचित्रे आली. दगडी चर्चच्या दारात नवरदेवाच्या शेजारी आमचा भाचा ताठ उभा आहे. आम्ही अभिमानाने ती शाळेत सहकाऱ्यांस दाखविली. रात्री सौभाग्यवतींनी चष्मा लावून ती नीट न्याहाळली. किल्टच्या उजव्या कोपऱ्यात एक शोभेची पिन लावतात. ती फक्त वरच्या झडपेस लावावयाची, आतलीत रुतू द्यावयाची नाही, नाहीतर झडप ओढली जाते, असे आजीबाईंनी बजावून सांगितले होते.

“अहो,” त्या म्हणाल्या, “पिन दोन्ही पदरांतून गेली आहे.”

भाच्याचा फोन आला तेव्हा कळले की, आजीबाईंनी त्यास तेच आधी सांगितले होते.